चिमूटभर कीस

सत्यशीलानं बूच पांढऱ्या फडक्यावर पुसलं. लोखंडाचा कीस. चांगला चिमूटभर, आणि त्यात नखाएवढी एक चपटी कपची. हेलिकॉप्टरच्या शेपटीकडच्या गिअरबॉक्सला तळाशी हे लोहचुंबकाचं बूच असतं. आतले दात तुटायला लागले, की तुकडे त्याला येऊन चिकटतात. शेपटीचा पंखा हवेत बंद पडला, तर अख्खं यंत्र गरगरत खाली येतं.

मांजरसुंब्याच्या अलीकडे, एका धाब्यामागच्या रानात चुना मारून हेलिपॅड केलं होतं. निवडणूक तोंडावर आलेली. उमेदवार अमरसिंहदादा इथून उडून नारायणगडाच्या यात्रेवर झेंडूची फुलं टाकणार होते. फुलं मोकळी करायला तलवाड्याहून चार बायका जीपमध्ये भरून आणलेल्या. पहाटेपासून मंडपात मान खाली घालून बसल्या होत्या. सत्यशीलाही तलवाड्याचीच. आईबापांबरोबर ऊसतोडीच्या कोपीत राहून शिकली, इंजिनिअर झाली, आणि आता तिच्या सहीशिवाय हे हेलिकॉप्टर जागचं हलू शकत नव्हतं.

तिनं नोंदवही उघडली. आजची तपासणी पूर्ण झाल्याचं पान कंपनीच्या ऑफिसातून कालच छापून आलं होतं. पंखे, ठीक. गिअरबॉक्स, ठीक. बूच, स्वच्छ. फक्त सहीची जागा मोकळी. खाली कॅप्टन युवराजांचा उड्डाणाआधीच्या तपासणीचा कागद होता. चाळीस रकाने, चाळीस खुणा. कॅप्टन सकाळपासून प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठले नव्हते. शेवटच्या खुणेवर भज्याचं तेल उमटलं होतं.

फडकं तिनं त्यांच्यासमोर धरलं. कॅप्टननी बोटानं कीस जरासा सरकवला.

"एवढं चालतं गं. पुसून टाक आणि सही कर. वर जाणार मी आहे ना?"

"सर, तुम्ही एकदा तरी शेपटीपर्यंत चालत गेलात का?"

कॅप्टन हसले आणि त्यांनी आणखी एक भजं उचललं. सत्यशीलानं छापील मजकुरावर आडवी रेघ मारली, खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'उड्डाणास अयोग्य', आणि मग सही केली.

दादांचा कार्यकर्ता बंकट अंगावर धावून आला. "ए बाई, गडावर एवढी जनता वर बघत उभी हाय! तू कोण लागून गेलीस थांबवणारी?"

तेवढ्यात दादांची गाडी आली. सत्यशीला सरळ गाडीपाशी गेली आणि तिनं सगळं सांगितलं. दादांनी मधे एकदाही तोडलं नाही. कपची बोटांत धरून फिरवून पाहिली.

"पडंल का?"

"पडंल, दादा. आज का उद्या, ते सांगता येत न्हाई."

दादा बंकटकडे वळले. "ती शिकलेली हाय. तू गप बस." मग तिला विचारलं, "कुणाची गं तू?"

"तलवाड्याच्या रामकिसनची."

"बापाचं नाव काढलंस, पोरी." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आपुन गाडीनं जाऊ."

सकाळपासून कागद सोडून लोखंडाकडे बघणारा हा पहिला माणूस. यालाही आपण त्याच माळेत धरलं होतं, याची तिला लाज वाटली.

दादा गाडीत बसले. काच वर करता करता त्याच मऊ आवाजात बंकटला म्हणाले, "फुलं मात्र पडलीच पायजेत. त्या बायांना बसव आत. खालून कोण बघायलंय, वर कोण हाय ते."

गाडी गेली. आपण चुकीचं ऐकलं असं सत्यशीलाला वाटलं. पण बंकट मंडपाकडे बघून ओरडत होता, "चला गं, बसा इमानात!" कॅप्टननी तिनं लिहिलेलं पान वहीतून टरकावलं, घडी करून खिशात घातलं आणि टोपी चढवली. बायका हात धुऊन, पदर सारखे करत, एकमेकींना ढकलत, हसत निघाल्या होत्या.

सत्यशीला धावली. तिनं झाकण उघडलं, बॅटरीची जोडणी सोडवली आणि ती जड बॅटरी उपसून छातीशी धरली. आता हे यंत्र सुरूच होणार नव्हतं. बंकट शिव्या घालत राहिला. ती तसूभर हलली नाही.

चौघी बायका समोर येऊन थांबल्या. त्यांचं हसू मावळलं.

"मावशी, हे पडणार हाय," ती म्हणाली. "जीव जाईल तुमचा."

सगळ्यांत थोरली बायनाबाई. तिनं सत्यशीलाला खालून वर न्याहाळलं.

"तू रोज बसतीस तवा पडत न्हाई. आमी बसाय लागलो की पडतंय व्हय?" बायनाबाई तिच्या पायाशी पचकन थुंकली. "आपल्याच गावची, अन् आपल्याच बायांचं बघवंना हिला. दादाचं मन बघ केवढं. सोताची जागा देली आमाला."