नख लावून बघ

म्हशीपुढे टाकायला लेकीने आईच्या बाजूचा तणाचा ढीग कवेत घेतला आणि ती थबकली. ते तण नव्हतंच. भातासारखाच दिसणारा सावा कुठेतरी एखादा, बाकी सगळा भात.

खात्रीसाठी तिने एका काडीवर पानाच्या बुडाशी नख फिरवलं. पान फुटतं तिथे भाताला बारीक पापुद्रा असतो, सावा तिथे बोडका. नखाला पापुद्रा लागला. दुसऱ्या काडीलाही लागला. तिने खाचरात पाहिलं. आईच्या ओळीत सावा दिमाखात उभा होता. घर वर्षभर जेवायचं ते याच एका खाचरावर.

ढीग जिथल्या तिथे ठेवून ती बांधावर बसली. आई शेजारीच वाकून तण काढत होती. घारीच्या नजरेची बाई. सावा तिला चालता चालता दिसायचा, लोक मुद्दाम बोलावून तिला शेत दाखवायचे. नख लावणं हे नवशिक्यांचं काम, असं ती लेकीला लहानपणापासून ऐकवत आली होती.

"दातखीळ बसली का गं?" आई म्हणाली. "मघापासून आवाज नाही तुझा."

लेकीने ढिगातली काडी तिच्या हातात दिली. आईने ती चाचपली.

"अगं, हा तर भात! तू उपटलास?"

नाही म्हणायला लेकीची जीभ रेटेना. "हो," ती म्हणाली. "चुकून."

"शाबास! शिकून चांगला उजेड पाडलास की." आईला हसू आवरेना. "इकडे ये, शिकवते पुन्हा. हा बघ सावा." तिने समोरचं रोप मुळासकट उपटलं. "डोळ्यांना कळत नसेल तर बुडाशी नख लावायचं. असं. बोडकं लागलं की..."

तिचं नख थांबलं. पुन्हा फिरलं. पुन्हा तिथेच थांबलं.

 

आईने ते रोप चिखलात परत खोचलं आणि अंगठ्याने दाबलं. रोप कलंडलं. तिने ते पुन्हा उभं केलं.

"माझा ढीग केवढा झालाय गं?" तिने पलीकडच्या बांधाकडे बघत विचारलं.

ढीग आईच्या पायाशीच होता.