बाराव्या मिनिटाचा उंचवटा

आठवं मिनिट संपलं, तरी पडद्यावरची रेघ खालीच चालली होती.

संपदाने घड्याळाकडे बघितलं. मग बीकरकडे. मग परत रेघेकडे. बीकरमध्ये खुणेपर्यंत गरम पाणी होतं, पाण्यात तापमान मोजणारी वायर होती, वायर कॉम्प्युटरला लावली होती आणि संपदाने पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम दर सेकंदाला एक ठिपका मांडत होता. पाणी गार होत होतं, रेघ उतरत होती. पाण्याने दुसरं करायचं तरी काय?

"उंचवटा यायला हवा," बाळाजी सर म्हणाले. "बाराव्या मिनिटाला. आला तर पायथन, नाही तर जुनं सॉफ्टवेअर."

बाळाजी सर नाशिकच्या या कॉलेजात फिजिक्सचे विभागप्रमुख. याच प्रयोगशाळेत ते शिकले होते. गार होणारं पाणी बाराव्या मिनिटाला तीन अंशांनी गरम होतं, हे त्यांनी विद्यार्थी असताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. त्यानंतरच्या अडतीस वर्षांत विद्यार्थ्यांच्या प्रत्येक जर्नलमध्ये तो उंचवटा होता. तोंडी परीक्षेत त्याचं कारण विचारत. 'गोदाकाठची दमट हवा' म्हटलं की पाच गुण. 'पांडवलेण्याकडून येणारा वारा' म्हणणाऱ्याला तीन.

यंदा वैज्ञानिक संगणन आणि आलेख असा नवा पेपर आला होता. तो कशावर शिकवणार, हे आज पाचच्या आत विद्यापीठाला कळवायचं होतं. जुनं सॉफ्टवेअर विभागातल्याच गर्गे सरांच्या हातातलं. त्यातल्या प्रोग्रामला वायर किंवा पाणी लागत नसे, रेघ सूत्रावरूनच निघे, आणि त्यात त्यांनी एक खास ओळ घातली होती: बारावं मिनिट आलं की तीन मिळवा. त्यामुळे तो कधी चुकत नसे. ते ठरलं तर पेपर गर्गे सर घेणार होते. पायथन ठरलं तर संपदा, कारण ते विभागात दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. ती तासिका तत्त्वावर सहावं वर्ष काढत होती. पेपर नाही तर तास नाहीत, तास नाहीत तर सिन्नरला घरी. घर वाईट नव्हतं. घरी भावाचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि त्याने तिच्यासाठी एक स्टूलसुद्धा आणून ठेवलं होतं.

"चित्र छान आहे हो मॅडम," गर्गे सर म्हणाले. "निळी रेघ, चौकटी, सगळं आहे. पण उंचवटा दाखवायची ताकद दिसत नाही तुमच्या पायथनमध्ये."

"असेल तर दाखवेल, सर."

"म्हणजे?" बाळाजी सरांनी मान वळवली. "तुमच्या कॉलेजात, सिन्नरला, यायचा नाही का?"

"नाही सर."

"हवा कोरडी आहे तुमच्याकडची."

प्रयोगशाळेचे शिपाई बुधामामा किटली घेऊन आत आले. पित्तामुळे बाळाजी सरांनी चहा सोडला होता, ते नुसतं गरम पाणी पीत. कपातलं पाणी कोमट झालं की वरून गरम ओतायचं, हे मामांना सांगावं लागत नसे. त्यांनी ओतलं आणि ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. नजर घड्याळावर.

अकराव्या मिनिटाला प्राचार्यांचा फोन आला. आत रेंज नव्हती. बाळाजी सर बाहेर गेले. गर्गे सरही गेले, कारण बाळाजी सर बाहेर गेले की गर्गे सर जात.

संपदासमोर कीबोर्ड होता. तीन मिळवायला एक ओळ पुरे होती. तिने ती टाइप केली. बोट एंटरवर ठेवलं. व्हरांड्यातून "हो सर, पाचच्या आत, हो सर" ऐकू येत होतं. मग तिने ती ओळ एकेक अक्षर करून खोडली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. डोळ्यांपुढे स्टूल आलं.

डोळे उघडले तेव्हा रेघ वर चढली होती. तीन अंश. सव्वातीन. मग पुन्हा हळूहळू उतार. जर्नलमधल्यासारखा गोल, भरघोस उंचवटा. संपदाचा पाण्यावरचा विश्वासच उडाला.

बाळाजी सर परत आले आणि पडद्यासमोर थबकले.

"गर्गे," ते हळू आवाजात म्हणाले, "हा तर जिवंत आहे."

गर्गे सरांनी चष्मा पुसला. "माझ्या प्रोग्राममध्ये बरोब्बर तीन येतात, सर. इथे सव्वातीन आलेत."

"निसर्ग आहे, गर्गे. थोडं इकडंतिकडं व्हायचंच."

त्यांनी फॉर्मवर 'पायथन' लिहिलं, शिक्षकाच्या रकान्यात संपदाचं नाव घातलं, सही केली आणि फॉर्म घेऊन ऑफिसकडे निघाले. मागोमाग गर्गे सर.

संपदाने वायर काढायला हात पुढे केला आणि तिथेच थांबली. बीकरमधलं पाणी खुणेच्या बोटभर वर आलं होतं.

तिने खिडकीकडे बघितलं. बुधामामा किटली पुसत होते.

"मामा?"

"पहिल्यांदा चुकून पडलं व्हतं," मामा म्हणाले. "मी नवीन लागलेलो, बाळाजी सर परीक्षेला बसलेले. त्यांना पैकीच्या पैकी भेटले. मंग पुढच्या वर्षीच्या पोरांचं जुळंना. रडाया लागली बिचारी. तवापासून दर बॅचला टाकतो. लय नाय, अर्धा कप."

संपदा खुर्चीवर बसली. पडद्यावर उंचवटा तसाच होता.

"मी येत्या मे महिन्यात रिटायर होतोय, मॅडम," मामा म्हणाले. "किटली तुमच्याच टेबलावर ठेवून जाऊ ना?"