नाकतोड्याचं पाणी

मोटारीखालची माती कोरडीच होती.

फकरोद्दीन ड्रायव्हर पोटावर सरपटत पुन्हा बाहेर आला आणि हात झटकत म्हणाला, "मावशी, एक थेंब न्हाई. अन् टाकीतलं पाणी तर गायब!"

तुळजाबाईचं लक्ष लिंबाखालच्या बाजेकडे होतं. बाजेवर तिची सून नंदा पडली होती, दोन्ही मुठींत बाजेचं लाकूड धरून. पोटातलं मूल आडवं होतं. सकाळीच सुईण म्हणाली होती, "हे माझ्या हातचं न्हाई. जालन्याच्या दवाखान्यात न्या."

शहागडहून जालना. बैलगाडीनं जायचं तर रस्त्यातच रात्र उलटेल. म्हणून देशमुखांच्या गोठ्यातून ही मोटार बाहेर निघाली होती. शर्यतीच्या घाटाची, दोनच माणसांची, हिरवी, लांब नाकाची. धाकट्या देशमुखांनी हैद्राबादेहून शौकानं आणली. पुढे लढाई लागली, पेट्रोल मिळेना, तेव्हापासून ती कडब्याशेजारी उभी. गावानं तिचं नाव नाकतोडा ठेवलं होतं. मालक हैद्राबादेत. विचारायला वेळ कुणाला होता? फकरोद्दीनने राखून ठेवलेला पेट्रोलचा डबा ओतला, नंदाला बसवलं, आणि नाकतोडा शिवेच्या ओढ्यापर्यंत जाऊन उकळत्या पातेल्यासारखा फुसफुसत थांबला. ढकलत परत आणावा लागला. वैशाखात वाटेवरचे ओढे आटलेले. असं दर कोसाला त्याला पाणी कुठून पाजणार?

"आई, गाडी जुंपून ठेवलीय," मच्छिंद्र म्हणाला. नंदाचा नवरा. बैलांपुढे कासरा धरून तो मघापासून उभा होता. "निघू का?"

"तुझ्या गाडीत जालन्याला पोचंपर्यंत काय उरंल, बोल?"



तुळजाबाई उठली, घरात गेली आणि चुलीतली राख सुपात घेऊन आली. "गळकी घागर मी अशीच हुडकते. फासा सगळीकडं. ओल आली की राख काळी पडते."

फकरोद्दीन हसला, पण त्यानं फासली. टाकीला, रबरी नळ्यांना, सांध्यासांध्याला. सगळी मोटार पांढरी झाली, काळा ठिपका कुठे उठला नाही.

"पाहा. बिलकुल कोरडी."

तुळजाबाई वाकून बघत राहिली. "घागर घडवंचीवर ठेवली तर कधी कधी गळत न्हाई, भाऊ. डोक्यावर घेऊन चालाय लागलं, की मंग मानेवर थेंब येतो. हिला चालती करा."

फकरोद्दीनने पाणी भरलं, हँडल मारलं. इंजिन धडधडलं आणि पंख्यानं सगळी राख दोघांच्या तोंडावर उडवली.

"आत्याबाई," बाजेवरून नंदा कळेतून कशीबशी म्हणाली, "दोघं बी गोसावी झालात."

"तू गप पड," तुळजाबाई म्हणाली. डोळेसुद्धा पुसले नाहीत तिने. कारण तिला दिसलं होतं. पाण्याच्या पंपातून निघालेल्या फिरत्या दांड्यापाशी उरलेली राख काळी पडत होती. दांडा फिरेल तसा एकेक थेंब उडत होता, शेजारच्या तापल्या लोखंडी नळावर पडत होता, आणि चर्र! वाफ. जमिनीवर यायला तो शिल्लकच राहत नव्हता.

"धत् तेरी!" फकरोद्दीनने कपाळावर हात मारला. "अन् मी उभ्या गाडीखाली लोळून राह्यलो! दांड्याभोवती सुताचं भरण असतं, मावशी. ते कुजून गेलं."

"मंग भरा."

"कशानं? सुतळी दांडा खाती. चिंधी टिकत न्हाई. सूत पाहिजे, पीळ दिलेलं, घट्ट, अन् मऊ."

मच्छिंद्रने हातातला कासरा पुढे केला. फकरोद्दीनने मान हलवली. अंबाडीचा होता, अन् अंगठ्याएवढा जाड.

"आत्याबाई..." नंदाचा आवाज आला. "माझ्या गाठोड्यात. तळाला."

दवाखान्यात न्यायचं गाठोडं तुळजाबाईने सोडलं. जुन्या मऊ लुगड्यांच्या खाली दोरी होती. पांढऱ्या सुताची, तीन पदरांची, करंगळीहून बारीक. एका टोकाला लाल गोंडा. पाळणा ओढायची दोरी.

तुळजाबाईचा हात तिथेच थांबला. मूल हाती येण्याआधी टोपडं शिवायचं नाही, पाळण्याचं नावही काढायचं नाही. तिच्या सासूनं तिला बजावलं होतं, तिनं सुनेला.

"कधी वळलीस?"

नंदाने डोळे मिटून घेतले. "तुम्ही रानात गेल्तात तवा."

इंजिन निवत होतं, टिक टिक करत.

तुळजाबाईने विळा पायाखाली धरला. "किती लागंल?"

"वीतभर," फकरोद्दीन म्हणाला.

तिने पात्यावर दोरी ओढली.

मच्छिंद्रने बैलगाडीच्या आखाचं वंगण आणलं. फकरोद्दीनने तुकडा त्यात मळला, दांड्याभोवती गुंडाळून खाचेत दाबला आणि वरची कडी आवळली. पुन्हा हँडल. पुन्हा धडधड. तिघंही कान देऊन वाकून उभे राहिले. थोडा वेळ गेला. मग आणखी थोडा.

चर्र झालं नाही.

"बराबर," फकरोद्दीन हळूच म्हणाला. "चला, मावशी. जल्दी."

नंदाला उचलून पुढे बसवलं. मागच्या सामानाच्या खोबणीत तुळजाबाई पाय पोटाशी घेऊन बसली, मांडीवर पाण्याची घागर. नाकतोड्याच्या नाकावरच्या झाकणाचा पट्टा तुटलेला होता. ते बांधायला मच्छिंद्रने भुईवर पडलेली उरलेली दोरी उचलली, लाल गोंड्याची.

"ती न्हाई!" तुळजाबाई ओरडली. "बैलाचा कासरा सोड, तो बांध."

"अगं आई, ही हाताशीच हाय की."

"आण इकडं." तिने दोरी हिसकून घेतली आणि मनगटाभोवती घट्ट गुंडाळली. "पाळण्याला लागंल."