अस्सल काचेची परीक्षा

रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर एर्गाश ताश्कंदच्या जुन्या बाजारात चंबू आणि काचकांड्या मांडून बसले होते. "आज ही काच खपली नाही, तर तिच्याशेजारी बाल्कनीतच झोपा," असं बायकोनं बजावलं होतं.

"एवढा भाव कशाचा, उस्ताद? साधीच तर काच!" एका गिऱ्हाईक बाईनं नाक मुरडलं.

"साधी? बघाच, ताई!"

मास्तरांनी वाडगाभर सरकीच्या तेलात दोन कांड्या बुडवल्या. साध्या काचेची दिसत राहिली. प्रयोगशाळेतली अस्सल कांडी मात्र, प्रकाश तिच्यात आणि तेलात सारखाच वळत असल्यानं, पार दिसेनाशी झाली. भोवती जमलेल्या गर्दीच्या टाळ्या पडल्या. तीस वर्षांत त्यांच्या एकाही तासाला इतकी माणसं जागी राहिली नव्हती.

बाईनं वाडगा नाकाशी नेऊन हुंगला.



"काच राहू द्या, उस्ताद. पुलावासाठी असलं नितळ तेल कुठं मिळतं, तेवढं सांगा!"