पोचलेली पाकिटं

तिसरी तक्रार आली की दुकान बंद, असं वेबसाइटवाल्यांनी शेखरला स्वच्छ कळवलं होतं. दोन आधीच येऊन बसल्या होत्या. तरी शेखर मजेत शीळ घालत ओझरच्या रस्त्याने मोटारसायकल हाकत होता. आज तो लबाडाला रंगेहाथ पकडणार होता.

हे दुकान म्हणजे त्याचा जीव की प्राण. सातपूरच्या कारखान्यात तो पाळी करायचा ती पोटासाठी. खरा शेखर भेटायचा तो कॉम्प्युटरसमोर. शाळेत असताना च्युइंगमच्या पुड्यांतून निघालेली क्रिकेटपटूंची कार्डं त्याने जिवापाड जपली होती, आणि २००६ साली अशा कार्डांवर बोली लावणारे शौकीन देशभर निघाले होते. बायको सविता आधी हसली. मग दिल्ली-चेन्नईहून कौतुकाचे निरोप यायला लागले, तेव्हा तीच शेजारणींना सांगत सुटली.

अडचण एकच होती. एवढ्याशा कार्डाला कुरियर परवडत नाही आणि साध्या टपालाचा माग लागत नाही. पेटीत टाकलं की पाकीट रामभरोसे.

शेखरने त्यावर तोड काढली, आणि त्याच्या मते ती लाखात एक होती. प्रत्येक पाकिटाचा एक कोपरा तो कात्रीने उडवायचा. आतल्या पुठ्ठ्याची कड बाहेरून दिसायची, म्हणजे आत नोटा असतील म्हणून कुणी ते फोडायला जाणार नाही. शिवाय ढीगभर टपालात ते उठून दिसायचं. पोस्टात जाऊन नुसतं विचारलं तरी पोस्टमनला हमखास आठवायचं.

"तुम्ही हे डोकं कारखान्यात वापरलं असतं ना, तर एव्हाना सुपरवायझर झाला असता," सविता म्हणाली. शेखरला ते पटलंही.

तक्रारी आल्या त्या मात्र जवळपासच्याच. पहिली दिंडोरीहून, दुसरी निफाडहून. लांबच्या शहरांतली पाकिटं बिनबोभाट पोचत होती आणि ही हाकेच्या अंतरावरची गायब! शेखर दोन्ही ठिकाणी स्वतः जाऊन आला. दिंडोरीचा पोस्टमन हळू आवाजात म्हणाला, "दिलं ना. घरातल्या म्हातारबाबांच्या हातात दिलं आणि निघालो. तिथं थांबून काय करणार?" निफाडच्याने तर शेखरच्या खांद्यावर हात ठेवला. "पोचलं, दादा. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

पोस्टातली माणसं इतकी मायाळू असतात, हे शेखरला नव्यानेच कळलं. बाकी सगळं उघड होतं. पाकिटं पोचली होती आणि गिऱ्हाइकं खोटं बोलत होती. फुकटात कार्ड लाटायचं आणि वर तक्रार ठोकायची! त्याला भयंकर राग आला होता.

तिसरं गिऱ्हाईक ओझरचं, वाल्मीक नावाचं, विमानाच्या कारखान्यात कामाला. त्याने शेखरचं सगळ्यात लाडकं कार्ड जिंकलं होतं. पांढऱ्या टोपीतला, हसरा, मिसरूडही नीट न फुटलेला एक वेगवान गोलंदाज. ते पेटीत टाकताना शेखरचा जीव खालीवर झाला होता. "वेळेत मिळालं नाही तर तक्रार करावी लागेल," असं वाल्मीकने आधीच लिहिलं होतं. ये बेट्या, शेखर मनात म्हणाला, बरा सापडलास.

ओझरला पोस्टमन भिमाजी सायकल काढतच होते.

"कोपरा कापलेलं पाकीट आहे का आज?" शेखरने विचारलं.

"हाय." भिमाजींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्याकडचं का?"

"माझंच. मी मागोमाग येतो. कोण घेतं तेवढं बघायचंय."

"आता आलाच हाय, तर तुम्हीच तोंडानं सांगा की. बरं असतं ते."

"छे, छे. तुम्हीच द्या. मी लांब उभा राहतो."

वाटभर भिमाजींनी सायकल अगदी सावकाश चालवली.

वाल्मीकच्या अंगणात त्याची आई भागीबाई गहू निवडत बसली होती. शेखर फाटकाशी थांबला. वाल्मीक कामावर गेला असणार, पण हरकत नाही. आई म्हणजे घरचीच. भिमाजींनी पाकीट तिच्या हातात दिलं. झालं! डोळ्यांदेखत पोचलं. आता म्हणू दे लेकाला मिळालं नाही म्हणून. शेखरने स्वतःची पाठ थोपटायचीच काय ती बाकी ठेवली.

भागीबाईने पाकीट उलटसुलट केलं, कोपऱ्यावरून बोट फिरवलं. घाईघाईने ते फाडून आतलं कार्ड काढलं, फोटो पाहिला आणि तो भिमाजींपुढे धरला.

"मला वाचता येत नाय, भिमाजी. कोन हाय ह्यो?"

"हे पाव्हणे तिकडचेच हायेत. त्यांना इचारा," भिमाजी म्हणाले आणि मान खाली घालून सायकलकडे वळले.

भागीबाईने पदर तोंडाला लावला. कार्डाचे आणि पाकिटाचे बारीक बारीक तुकडे केले, अंगणाबाहेर येऊन ते गटारात टाकले आणि घरातल्या सुनेला हाक मारली, "हर्षाली, आंघोळीला पानी ठेव गं! कोपरा फाडलेलं पत्र आलंय, कुनीतरी गेलंय."

मग शेखरजवळ येऊन तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"लय तरणा होता रं पोरगा. कसा गेला?"