कॅन्टीनच्या भिंतीवरचे हात

जगनने भिंतीवर वाफाळता वाडगा काढला होता आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘आईच्या हातचं’. वाडग्याखालची जागा मात्र कोरीच होती.

“हात कुठायत?” नूतनबाईंनी विचारलं.

“खरे हात बघितल्याशिवाय मी काढत नाय,” ब्रश पुसत जगन म्हणाला. पेणच्या गणपतींचे डोळे आखण्यात त्याचा जन्म गेला होता. “डोळे मनानं काढता येतात बाई, हात नाय. तुमची रंभाताई पदराखालनं हात बाहेर काढील तर ना. फोटोलाही तेच.”

नूतनबाई हसल्या, पण ते त्यांच्या मनात राहिलं.

रोह्याच्या या कंपनीत त्या लागल्या, तेव्हा कॅन्टीनला नावच नव्हतं. पत्र्याचं छप्पर, ॲल्युमिनियमची ताटं, भोंगा झाला की धावत येणारी माणसं. जेवण काही फार चवीचं नव्हतं, तरी त्या दिवसांची आठवण झाली की बाईंना अजून भूक लागायची. आता मुंबईहून जाहिरातवाले आले होते. कॅन्टीनला इंग्रजी नाव द्या, खुर्च्या निळ्या करा, असं त्यांचं म्हणणं. नूतनबाई भर मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या. इथली माणसं वालाच्या बिरड्यासाठी शिफ्ट बदलून घेतात, ते रांधणारी कॅन्टीनची रंभा हीच आपली ओळख, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. साहेबांना ते पटलं. सोमवारी मालक येणार होते आणि त्यांच्यासमोर रंभा बिरडं शिजवणार होती. दिवाळीत बाई निवृत्त होणार. जाता जाता केलेलं हे एक काम, आणि ते सगळं त्यांच्या शब्दावर उभं होतं.

मग ऑफिसातल्या अक्षयने जेवता जेवता सहज विचारलं, “मॅडम, रंभाताईंना बिरडं शिजवताना कुणी बघितलंय का हो?”

कुणीच बघितलं नव्हतं. बिरडं निडीहून, तिच्या घरून यायचं. गॅसवर चव येत नाही, म्हणून पहाटे चुलीवर रांधून ठेवते, असं ती सांगायची. ती स्वतः सकाळीच कामावर हजर व्हायची आणि भाकऱ्या थापायला बसायची. टोप मागाहून तिचा नवरा पुंडलिक घेऊन यायचा.

या पुंडलिकावर बाईंचा आधीपासून राग होता. कामधंदा नाही, बिडीनं पिवळी पडलेली बोटं, मान खाली घालून बोलणं. एकदा कॅन्टीनवाल्यांनी त्याला जेवायला वाढलं, तर त्याने आमटी तळहातावर घेऊन चाटली, जरा डोळे मिटले आणि वाटी बाजूला सारली. फुकटचं खायचं आणि वर नाक मुरडायचं, असं तेव्हा बाईंच्या मनात आलं होतं.

त्यांनी रंभाला गाठलं. सोमवारच्या आधी एकदा इथे करून बघू या, म्हणाल्या.

“समोर माणूस असला की माझा हात चालत नाय, बाई.”

“आणि सोमवारी?”

रंभाने भाकरी तव्यावर टाकली. “सोमवारचं सोमवारी बगू.”

बाईंनी तिच्या हातांकडे नीट पाहिलं. पीठ माखलेले, मनगटावर तव्याचा चटका. नखं मात्र स्वच्छ. बाईंना आपली आई आठवली. लग्नकार्यातसुद्धा तिच्या नखांतली हळद जात नसे. एवढ्या माणसांचं बिरडं रोज करणाऱ्या बाईची नखं अशी पांढरी कशी?

नागोठण्यातल्या एका खानावळीत असंच बिरडं मिळतं, हे त्यांना ठाऊक होतं. पुंडलिक रोज सकाळी कुठे जात असेल, हेही त्यांनी मनाशी जुळवलं. रात्रभर त्यांच्या डोळ्यांपुढे मालकांचा चेहरा येत राहिला.

दुसऱ्या दिवशी रंभा भाकऱ्यांना बसलेली पाहिली आणि बाईंनी निडीची रिक्षा केली. पुंडलिक रिकामा टोप घेऊन नागोठण्याच्या वाटेला लागला, की तिथेच त्याला धरायचा, असा त्यांचा बेत होता.

रंभाच्या अंगणात बिरड्याचा टोप घासून पालथा घातलेला होता. ऊन चांगलंच वर आलं होतं. पहाटे रांधलं म्हणते ना ही? मग टोप अजून रिकामा कसा?

शेजारच्या ओट्यावर काशीबाई तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, “कुणाकडं आलात?”

“रंभाकडे.”

“ती कामावर गेली. तो हाय घरात.” काशीबाईने खडा काढून लांब फेकला. “त्याला कसलं काम. बायकोनं राबायचं, ह्यानं टोप वाहायचा नि बसून खायचं. आम्ही तोंडावर बोलतो त्याला. नुसता हसतो.”

बाईंनी दाराला हात लावला. दार आतून बंद होतं. कडी वाजवणार, एवढ्यात फोडणीचा वास आला. लसूण, हिंग आणि त्यामागे वालाचा तो कडसर, ओळखीचा वास. म्हणजे खानावळ नव्हती. मग रंभाच्या चुलीवर आत्ता होतं तरी कोण?

घराला वळसा घालून त्या मागच्या पडवीशी गेल्या.

चूल ढणढणत होती. बाजूला सोललेल्या वालांची परात, वाटणाचा पाटा. चुलीपुढे पुंडलिक उकिडवा बसला होता. त्याने पळीतलं बिरडं तळहातावर घेतलं, चाटलं, जरा डोळे मिटले आणि पिवळ्या बोटांनी चिमूटभर मीठ सोडलं.

बाईंच्या पर्समधला फोन वाजला. पुंडलिकाने दचकून वर पाहिलं. त्याच्यावरची नजर न काढता बाईंनी फोन कानाला लावला.

“बाई, साहेब लय घाई करतायत,” पलीकडून जगन म्हणत होता. “हात मनानंच काढतो आता. फक्त सांगा, बांगड्या हिरव्याच घालू ना?”