पंपापुढचं वाक्य

“त्या दोघांना जवळ आणू नका,” जुनैद शिडीवरून म्हणाला.

दोघं म्हणजे दोन अँटेना. एक व्हॅनच्या छपरावर लोहचुंबकाने चिकटवायचा, दुसरा आत, ड्रायव्हरच्या बाजूला. मध्ये सीटखाली बूस्टरचा डबा. हे दोघं जवळ आले की एकमेकांचंच ऐकत बसतात आणि डबा बंद पडतो. लांब राहिले तरच काम होतं. भिकाजी नऊ वर्षं मस्कतमध्ये आणि त्याची बायको सुगंधा दापोलीकडच्या गावात. त्याला हे तत्त्व फोड करून सांगायची गरज पडली नाही.

जुनैद रत्नागिरीचा. मस्कतच्या रुवी भागात त्याचं गाडीच्या सामानाचं दुकान. त्याने मोबाइलची रेंज वाढवणारे तीन बूस्टर दाखवले. एक स्वस्तातला, त्यात फोन खाचेत अडकवून ठेवावा लागे. एक महागातला, त्यात फोन कुठेही ठेवा. तिसऱ्यावर सरकारी मान्यतेचा शिक्का नव्हता आणि त्याचंच कौतुक जुनैदने सगळ्यात जास्त केलं. भिकाजीने महागातला घेतला. जुनैदने बजावलं की हा रेंज तयार करत नाही. फोनवर रेंजची मरतुकडी एक कांडी असेल तर तिच्या चार करतो. काहीच नसेल तर तोही आपल्यासारखा डोंगराकडे बघत बसतो.

वाटेवरच्या डोंगरात तेवढी एक कांडी होती. भिकाजीने ती आठवडेच्या आठवडे पाहून ठेवली होती.

व्हॅन अर्बाबची, म्हणजे मालकाची. बूस्टर बसवू का विचारल्यावर अर्बाब ‘इन्शाल्ला’ म्हणाला होता. त्यातून होकार निघतो की नकार, यावर भिकाजीने फार डोकं चालवलं नाही.

दर गुरुवारी तो बेकरीचा माल घेऊन किनाऱ्यावरच्या सूर शहराला जायचा आणि वाटेत सुगंधाशी बोलायचा. मस्कतमधल्या दार्सैतच्या खोलीत आठ जण राहत. तिथून बायकोशी बोलायचं म्हणजे आठ जणांशी बोलायचं. व्हॅनमध्ये फक्त पाव असत. विजेचं बिल, फणसाला लागलेली माकडं, वाडीतली ताजी भांडणं, सगळं निवांत व्हायचं. मग कुरियातच्या पुढचा शेवटचा पेट्रोल पंप दिसायचा. भिकाजी म्हणायचा, “पंप आला गो.” मग सुगंधा म्हणायची, “अहो, मी काय म्हणते...”

आणि डोंगर यायचा. फोन कट.

चाळीस मिनिटांनी डोंगर संपला की तो घाईने पुन्हा फोन लावायचा. काय म्हणत होतीस? ती म्हणायची, विसरले बघा. मग माकडांपासून पुन्हा सुरुवात.

नऊ वर्षं हे असंच. भिकाजीने ते वाक्य आपल्या परीने शंभर तऱ्हांनी पुरं करून पाहिलं होतं. घराचं काही असेल. दुखणं असेल, लपवत असेल. पण बहुतेक वेळा ते एकाच जागी येऊन थांबायचं: आता परत या. हे बायकांना चारचौघांत म्हणता येत नाही आणि एकांतात म्हणायला डोंगर आड येतो. यंदा त्याला ते ऐकायचंच होतं, कारण व्हिसा आणखी दोन वर्षं वाढवायचा कागद अर्बाबने हातात दिला होता. तो डॅशबोर्डच्या खणात सहीवाचून पडला होता. रविवारी द्यायचा होता. ती ‘या’ म्हणाली तर तो सही करणार नव्हता. नाही म्हणाली तर आणखी दोन वर्षं पाव.

बूस्टरचं त्याने तिला सांगितलं नाही.

गुरुवारी पंप दिसला. “पंप आला गो.”

“अहो, मी काय म्हणते...”

डोंगर आला. चारही कांड्या जागच्या जागी. पलीकडून काहीच आलं नाही. मग फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. बांगड्या वाजल्या. पातेलं घासलं गेलं, स्टोव्ह पेटला. नऊ वर्षांत त्याने आपल्या घरातला हा भाग कधी ऐकला नव्हता. फोन कट झाल्यावरही घर चालू राहतं, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

“चल गो मने,” सुगंधा मांजरीला म्हणाली, “चाळीस मिनिटं आहेत. चहा घेऊ.”

भिकाजीने वळण घेतलं. मागे पावांचे ट्रे सरकले.

“सुगंधा,” तो म्हणाला, “पुढे बोल.”

काहीतरी खाली पडलं. मग तिने विचारलं, कट नाही झाला? त्याने बूस्टरचं सांगितलं. छपरावरचा, आतला, डबा, सगळं. ती ऐकत राहिली. मग तो म्हणाला, आता डोंगर मध्ये नाही, नऊ वर्षांचं काय ते बोलून टाक.

“पुढे काही नसतंच,” ती म्हणाली. “तुम्ही गाडी चालवून दमलेले असता. बोलणं पुरं झालं असतं, तर डोंगरापलीकडून परत फोन केला असतात का?”

चहा उकळताना ऐकू येत होता. चार कांड्या. फोन कोणीच ठेवेना. ठेवायची सवयच नव्हती. ते काम आजवर डोंगर करत आला होता.

भिकाजीने डॅशबोर्डचा खण उघडला. कागदाकडे पाहिलं. खण बंद केला.

“सुगंधा,” तो म्हणाला, “मी काय म्हणतो, तो व्हिसाचा कागद यंदा मी...”

आणि त्याने गाडीच्या सिगारेट-लायटरच्या भोकातून बूस्टरच्या विजेची पिन ओढली.